पडवीतली लाल रेघ

विश्राम गेल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या कलमांखाली पत्र्याचा डबा बडवत होतो. वैशाख संपत आला होता. झाडांवर शेवटचे पाच-पन्नास आंबे उरले होते आणि तेवढ्यांवरही माकडांचा डोळा होता. फोनवर नंदा होती. "गुरुजी, विश्रामदादा गेले," एवढंच म्हणाली. मी मूर्खासारखं विचारलं, "कुठे गेला?" ती म्हणाली, "पडवीतच हायत. स्टुलावर. तुमी या." मी निघालो तो डबा हातात घेऊनच. त्याच्या अंगणात पोचल्यावर कुणीतरी तो माझ्या हातातून काढून घेतला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याआधीचे अडीच महिने मी त्या पडवीची पायरी चढलो नव्हतो. का चढलो नव्हतो, ते सांगायलाच हे लिहायला बसलो आहे. गेलेल्या माणसाविषयी चार चांगले शब्द लिहावेत अशी रीत आहे. विश्रामविषयी चारशे लिहिले तरी कमी पडतील. पण त्यांच्या शेजारी माझ्याविषयी जे लिहायचं आहे ते चांगलं नाही, आणि ते वगळून त्याची आठवण काढायचा मला अधिकार नाही.

आम्ही दोघे देवरूखच्या पुढे डोंगराकडेच्या एका गावातले, एकाच वाडीतले आणि एकाच वर्गातले. मी शिकून मास्तर झालो, तेहतीस वर्षं मुलांना गणित शिकवलं. विश्राम दहावीला गणितातच आपटला आणि मुंबईला गेला. "तू पेपर दाखवला असतास तर आज मी कलेक्टर असतो," हे तो मला जन्मभर ऐकवत राहिला. सगळं गाव मला गुरुजी म्हणतं आणि अहो-जाहो करतं; विश्राम एकटाच 'गुरुजी' म्हणून पुढे 'तू' लावायचा. मुंबईत तो एका बँकेच्या दारात पहारेकरी होता. सव्वीस वर्षं दुनळी बंदूक खांद्याला, आणि सव्वीस वर्षांत ती एकदाही कुणावर रोखायची वेळ आली नाही याचा त्याला कोण अभिमान! वर्षातून एकदा सगळ्या पहारेकऱ्यांना सरावाला न्यायचे आणि प्रत्येकाला पाच गोळ्या द्यायचे. त्या पाच गोळ्यांची हकिगत तो गणपतीला गावी आला की पाच दिवस पुरवून सांगायचा. एकदा मी वैतागून विचारलं, की बाबा रे, कागदाला भोक पाडण्यात एवढं आहे तरी काय? तो म्हणाला, "गोळी सुटायच्या आधी एक क्षण असतो ना गुरुजी, तेव्हा डोक्यात काय पण नसतं. बायकोचं आजारपण नाय, साहेबाची शिवी नाय, काय पण नाय. तसा क्षण आपल्या माणसाला मिळतो कुठं?" त्याची बायको तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. दोन वर्षांनी ती गेली. मुलगा मुंबईतच नोकरीला लागला. स्वतःची नोकरी संपल्यावर विश्राम एक ट्रंक घेऊन एकटाच गावी आला आणि तिसऱ्या दिवशी माझ्या ओटीवर बसून म्हणाला, "गुरुजी, मी नेमबाजीची रेंज टाकतंय. गावात."

गावात हसं झालं. "विश्रामशेट, लढाई कधी सुरू व्हायची हाय?" असं लोक रस्त्यात थांबवून विचारायचे. नोकरी सुटली तरी ह्याची बंदूक सुटत नाही, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असंही कुणीतरी म्हणालं. पण त्याचं ठरलं होतं. मुंबईच्या पोरांना ही विद्या शिकायला मोठे हॉल असतात, मग आपल्या पोरांनी काय घोडं मारलंय, असा त्याचा सवाल. बंदूक म्हणजे हवेच्या दाबाने शिशाचा बारीक छर्रा मारणारी, स्पर्धेतली रायफल. तिच्यासाठी उभं राहायच्या रेघेपासून कागदापर्यंत दहा मीटर अंतर लागतं. निवृत्तीला हातात आलं ते सगळं त्याने यात घातलं. घराला लागून वडिलांच्या वेळचा गोठा होता. गुरं कधीच गेली होती, छप्पर बसलं होतं, पण जांभ्या दगडाचं जोतं अजून भक्कम होतं. "तू गणिताचा. तूच मोजून दे," तो म्हणाला. मी टेप घेऊन गेलो. जोत्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत साडेअकरा मीटर भरले. "दहा जाऊन वर दीड उरतं, आरामात बसतंय," असं मी चष्मा पुसत जाहीर केलं. उंटावरचा शहाणा!

गवंड्याने जोत्यावर चिऱ्यांच्या जाडजूड भिंती चढवल्या. वर पत्रे पडले. टार्गेटच्या मागे छर्रे अडवायला लोखंडी पत्रा आला, त्याच्या मागे वाळूच्या गोण्या आल्या. मग विश्रामने लाल ऑइलपेंटचा डबा उघडला, टार्गेटपासून दहा मीटर टेप ताणली आणि उभं राहायची रेघ मारायला गेला... तर रेघ नेमकी समोरच्या भिंतीखाली येत होती. भिंतींची जाडी आणि गोण्यांची जागा मी वजाच केली नव्हती. तेहतीस वर्षं पोरांना आतली लांबी आणि बाहेरची लांबी यांची उदाहरणं घालणारा मी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विश्राम हातात ब्रश धरून भिंतीकडे बघत राहिला आणि एकदम हसत सुटला. खाली बसून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "मी दहावीला नापास कशानं झालो ता आता कळलं," तो म्हणाला, "शेजारी तू बसलेलास!" दुसऱ्या दिवशी त्याने ती भिंत मधोमध फोडायला लावली, फोडलेल्या जागी जमिनीवर रेघ मारली आणि तिच्यामागे माणूस उभा राहायला पुढे पडवी काढली. पावसात त्या पडवीला नारळाच्या झावळ्यांची झापं बांधायची आणि उन्हाळ्यात सोडायची. अशी रेंज दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. माझ्या चुकीतून त्याने पडवी काढली, आणि मला वाटतं त्याच दिवशी मला एक वाईट सवय लागली. आपण चुकायचं आणि विश्रामने ते निस्तरायचं.

ग्रामदेवतेला नारळ ठेवला, मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी होय महाराजा म्हटलं, पेढे खाल्ले आणि लोक घरी गेले. ते परत आले ते वेगळ्याच कामाने. आमच्याकडे माकडांनी काय उच्छाद मांडलाय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. नारळ म्हणू नका, काजू म्हणू नका, परसातली भेंडीसुद्धा राहत नाही. त्यामुळे पहिल्या महिन्यात विश्रामकडे जेवढी माणसं आली, त्यातल्या बहुतेकांना नेमबाजी शिकायची नव्हती, दोन दिवसांसाठी बंदूक हवी होती. विश्रामने सगळ्यांना नाही म्हटलं. मग एक फळी रंगवून त्याने दारावर लावली : 'इथे फक्त कागदावर नेम धरतात.' लोक चिडले. गावाच्या कामाला येत नाही ती बंदूक काय पूजेला ठेवलीस काय, असं तोंडावर बोलले. एकदा मीही त्याला म्हटलं, की अरे, एवढं ताणू नये, गावात राहायचं आहे. तो म्हणाला, "ही बंदूक ज्या दिवशी जित्या जिवावर गेली ना गुरुजी, त्या दिवशी माझी रेंज संपली बग." मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

मग रिकामे दिवस आले. रोज सकाळी तो दोन्ही रायफली पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा, नवा कागद लावायचा आणि रेघेच्या मागे स्टूल टाकून बसायचा. कुणी यायचं नाही. कधी देवरूखच्या कॉलेजची पोरं यायची, बंदूक हातात घेऊन फोटो काढायची आणि निघून जायची. पावसाळ्यात कागद सर्द होऊन लोळागोळा व्हायचे, म्हणून तो ते तांदळाच्या डब्यात ठेवायचा. मी संध्याकाळी जाऊन बसायचो. दोन म्हातारे, एक रेघ आणि समोर कोरा कागद. मुलगा फोनवर सांगायचा, की बाबा, ती शेड सिमेंटच्या गोदामाला द्या आणि इकडे या. एकदा मी गेलो तर तो स्टुलावर नव्हता, रेघेवर दोन्ही पाय ठेवून समोर बघत उभा होता. मागे न वळता म्हणाला, "चुकलो काय रे मी?" मी काहीतरी तोंडदेखलं बोललो. तो म्हणाला, "आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात उभा ऱ्हायलो. आता माझ्या दारात कोण उभं ऱ्हात नाय."

नंदा आली ती अशाच एका दुपारी. पलीकडच्या वाडीतली, पस्तिशीची बाई, नवरा मुंबईला, ही काजूच्या कारखान्यात काजू फोडायला जाते. काजूच्या तेलाने तिची बोटं काळी पडलेली, जागोजागी कातडी सोललेली. येता-जाता ती कुंपणापाशी थांबून बघायची. त्या दिवशी तिने विचारलं, "दादा, बायकांना चालतं काय हो ह्या?" विश्राम इतक्या घाईने उठला की स्टूल पडलं. त्याने तिला टेबलावर टेकून दहा छर्रे मारायला दिले. कागद आणून त्याने त्याच्यावर एक रुपयाचं नाणं ठेवलं. दहाही भोकं नाण्याखाली झाकली गेली. तो नाणं उचलून बघायचा, परत ठेवायचा. ती घाबरली, आपलं काही चुकलं की काय! मग तिनेच सांगितलं, की काजूची बी पात्याखाली धरली की साल फुटली पाहिजे आणि गर अख्खा निघाला पाहिजे, जरा जास्त दाबलं की तुकडा. "दिवसभर त्याच करतंय मी, दादा." विश्राम माझ्याकडे वळून म्हणाला, "गुरुजी, हिला चाप ओढायला शिकवायची गरजच नाय. ही शिकूनच आलीय." त्याचा असा चेहरा मी त्याच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

शिकवायचं होतं ते उभं राहून रायफल पेलणं. चांगली पाच किलोची असते ती. विश्रामची पद्धत अशी, की नंदाने रेघेवर उभं राहून रायफल उचलायची आणि धरून ठेवायची. तो मागे स्टुलावर बसून नळीचं टोक किती हलतं ते बघणार. त्याने "सोड" म्हटल्याशिवाय खाली घ्यायची नाही आणि मागे वळून बघायचं नाही. "मागं काय बगतेस? मागं मी हाय," हे वाक्य त्या पडवीत दिवसातून वीस वेळा तरी व्हायचं. सहा-सात महिन्यांत तिचे हात असे झाले, की नळीच्या टोकावर चिमणी येऊन बसेल. रत्नागिरीला जिल्ह्याची स्पर्धा झाली तेव्हा ती साडीवर नवऱ्याचा शर्ट घालून उभी राहिली. बाकीच्या मुली तिच्याकडे बघून खुसुखुसू हसत होत्या. ती तिसरी आली. जूनमध्ये होणाऱ्या राज्याच्या निवड चाचणीला तिचं नाव लागलं. आणि शिमगा झाल्यावर जिल्ह्याची माणसं आमची पडवी बघायला येणार, सगळं नीट असलं तर रेंजला मान्यता देणार, असा निरोप आला. विश्रामने भिंतींना चुना काढला, फळी पुन्हा रंगवली. "एकदा मान्यता मिळू दे आणि हिचं नाव होऊ दे, गुरुजी," तो म्हणायचा, "मग ह्या पडवीत उभं ऱ्हायला जागा मिळायची नाय, बग." त्याचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर उभं होतं, आणि हे मला पूर्ण माहीत होतं. माहीत असून मी पुढचं केलं.

माझी पंधरा कलमं आहेत. यंदा मोहोर चांगला धरला होता, कैरी लिंबाएवढी झाली होती. माकडं एक खायची आणि दहा तोडून टाकायची. सकाळी झाडाखाली कैऱ्यांचा सडा बघितला की डोकं फिरायचं. मी विश्रामकडे बंदूक मागितली. तो नाही म्हणाला. चार दिवसांनी परत मागितली, परत नाही म्हणाला. तिसऱ्या वेळी मी जे बोललो ते बोलायला नको होतं. मी म्हटलं, "तुझ्या रिकाम्या पडवीत सगळं गाव हसत असताना माणूस म्हणून मी एकटा येऊन बसलो. कोणासाठी बसलो रे?" तो उठला, आतून रायफल आणली आणि माझ्या तळहातावर तीन छर्रे ठेवले. "आभाळाकडं मार. आवाजानं पळतील. नेम धरू नको, गुरुजी." मी हसून म्हटलं, "मला कुठे धरता येतो!"

दोन छर्रे मी आभाळाकडेच मारले. माकडं हललीही नाहीत. खालच्या फांदीवर एक माकडीण बसली होती, अर्धी कैरी खाऊन माझ्याकडे बघत होती. मी रायफल खांद्याला लावली आणि नळीच्या टोकावरची नेमाची माशी तिच्या अंगावर आणली. खरं सांगतो, विश्राम जो क्षण सांगायचा तो मला तेव्हा मिळाला. डोक्यात काही नव्हतं. ना मैत्री, ना दिलेला शब्द, ना त्या दारावरची फळी... आणि मी चाप ओढला. ती किंचाळली आणि वळली, तेव्हा तिच्या पोटाला बिलगलेलं पिल्लू मला दिसलं. संध्याकाळी रायफल परत द्यायला गेलो. "पळाली काय?" विश्रामने विचारलं. "पळाली." "आभाळाकडंच ना?" मी "हो" म्हटलं आणि चहा न घेता घरी आलो.

चौथ्या दिवशी सकाळी ती देवळाच्या पायरीवर मेलेली सापडली. पिल्लू अंगाला तसंच चिकटून. आमच्याकडे जिवंत माकडाला शिव्या आणि मेलेल्याला हार. मारुतीचं रूप म्हणून त्याला माणसासारखं नेतात, पुरतात. त्याप्रमाणे गाव जमलं, तिला आंघोळ घातली, आणि पुसताना पोटापाशी बारीक भोक दिसलं. आत छर्रा. पहिल्या महिन्यात विश्रामकडे बंदूक मागायला आलेल्यांपैकीच एकाने पहिला हार घातला आणि तोच पहिल्यांदा ओरडला, "ह्या त्या रेंजवाल्याचं काम!" छऱ्याची बंदूक गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. त्याच दिवशी शिमग्याच्या पालखीची सभा होती, तीच विश्रामची सभा झाली.

देवस्थानचा सचिव मी. सभेचं इतिवृत्त लिहायची वही माझ्या मांडीवर होती. मानकऱ्यांनी विचारलं, "विश्राम, बंदूक कोणाकडं गेली होती?" मी वहीवर समास आखत होतो. आखलेल्यावर पुन्हा आखत होतो. तो सभामंडपाच्या मधोमध उभा होता आणि त्याने एकदाही, एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. "बंदूक माझी हाय," तो म्हणाला. "माझ्या दारातून भायेर गेली ती चूक माझी हाय. ह्याच्या फुडं इचारू नका." गावाने ठरवलं, की रेंज बंद आणि या वर्षी पालखी विश्रामच्या अंगणात जाणार नाही. आमच्याकडे शिमग्याला देव पालखीत बसून घरोघर येतो. देव दारात येणार नाही याचा अर्थ काय, ते बाहेरच्याला समजणार नाही. अशी कुणाची पालखी अडवणं कायद्यात बसत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. मी नुसतं तेवढं बोललो असतो तरी गुरुजींचं म्हणून गावाने ऐकलं असतं. मी मूग गिळून बसलो आणि ठराव लिहिला. सुवाच्य लिहिला. माझं अक्षर अजून चांगलं आहे.

वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, दोन्ही रायफली सील होऊन गेल्या. जिल्ह्याच्या माणसांनी आता येत नाही म्हणून कळवलं. शिमग्याला विश्रामने तरीही अंगण सारवलं, रांगोळी काढली आणि ताटात नारळ घेऊन फाटकापाशी उभा राहिला. ढोल वाजत आला आणि पालखी त्याच्या दारावरून पुढे गेली. त्याने तिथूनच हात जोडले. मी पालखीच्या मागे चालत होतो. त्याच्याकडे बघू नये म्हणून मी समोरच्या माणसाच्या टाचा बघत चाललो. तेव्हापासून मी त्याच्याकडे गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत दिवस काढले. जाऊन काय बोलणार होतो?

तो मात्र आला होता. चैत्रात, एका सकाळी. फाटकातून त्याची हाक आली, "गुरुजी, हायस काय रे?" मी आतल्या खोलीत गेलो आणि बायकोला हाताने खूण केली. ती म्हणाली, "नाहीत घरी." तो थोडा थांबला असावा. मग त्याचा आवाज आला, "मग टेप तेवढी द्या वहिनी. नंदासाठी लाकडाची बंदूक करतंय, फणसाच्या लाकडाची. चाचणीत त्यांची बंदूक मिळंल तिला, पण तवर हात सुटतील तिचे. वजन-लांबी बरोबर व्हायला पायजे." बायकोने टेप दिली. जाता जाता तो जरा मोठ्याने म्हणाला, "त्याला सांगा, या वेळी मी दोनदा मोजीन." मी दाराआड उभा होतो आणि मी आहे हे त्याला माहीत होतं. त्याचा आवाज मी ऐकला तो तेवढाच, शेवटचा. दार एक हात लांब होतं.

ती लाकडी बंदूक मी पाहिली ती तो गेल्यावर. आत लोखंडाची सळई बसवून वजन बरोबर पाच किलो केलेलं, दस्ता तिच्या खांद्याप्रमाणे तासलेला, टोकाला माशीच्या जागी एक बारीक खिळा ठोकलेला. हृदयाचा झटका, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण तो कसा गेला ते नंदाने मला पंधराव्या दिवशी सांगितलं. ती रोजच्यासारखी कामावर जायच्या आधी आली, रेघेवर उभी राहिली, लाकडी बंदूक उचलली. मागे स्टुलावर दादा. तिचे हात भरून आले. तिला वाटलं, आज दादा जास्त वेळ धरायला लावतायत, चाचणी जवळ आली म्हणून. ती धरून राहिली. खांदे थरथरायला लागले तरी तिने खाली घेतली नाही आणि मागे बघितलं नाही, कारण मागे बघायचं नाही, मागं मी हाय. तिने विचारलं, "दादा, हलली काय?" उत्तर नाही. ती आणखी थांबली... "किती वेळ उभी होते मला नाय म्हाईत, गुरुजी," ती म्हणाली. "ते सोड म्हणतील म्हणून मी उभीच. आणि ते मागं..."

ती रडत होती आणि मी तिथेच, पडवीच्या पायरीवर बसून तिला सगळं सांगितलं. बंदूक, तिसरा छर्रा, इतिवृत्त, दाराआडून ऐकलेली हाक. मला वाटलं ती ओरडेल, मला हाकलून देईल. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "म्हाईत हाय मला. दादा काय बोलले नायत. पण रोज बसायला येणारा माणूस एकदम येयाचा बंद झाला, ह्याच्यात न कळण्यासारखं काय हाय?" मी म्हटलं, तू चाचणीला जायला हवं होतंस. चाचणी आणि त्याचं बारावं एकाच दिवशी आलं होतं आणि ती गेली नव्हती. मी विचारलं, "मी येऊन बसत जाऊ का इथे? सोड म्हणायला तरी कुणी..." स्टुलाकडे हात करून मी विचारलं. तिने स्टूल उचललं आणि आपल्या मागे, माझ्यापासून लांब ठेवलं. "आधी देवळात सांगा, गुरुजी. जितं ठराव लिवलात तितं. मग बसा."

येत्या सोमवारी देवळात सभा आहे. वही मी मानकऱ्यांकडे परत दिली आहे, या वेळी लिहायला दुसरं कुणी बघा म्हणून कळवलं आहे. मी जे बोलणार आहे ते मला त्या वहीत स्वतःच्या अक्षरात नको आहे. त्याने विश्राम परत येणार नाही, रायफली सुटणार नाहीत, पालखी माघारी फिरणार नाही. नंदाची चाचणी आता पुढच्या वर्षी, म्हणतात. विश्रामच्या मुलाने शेडची चावी तूर्त तिच्याकडेच ठेवली आहे. सकाळी मी रस्त्याने जातो तेव्हा झापाच्या फटीतून ती दिसते. लाल रेघेवर पाय ठेवून, फणसाच्या लाकडाची बंदूक धरून उभी असते, आणि मागे रिकामं स्टूल. हात भरून आले की आता ती आपणच खाली घेते. पण घ्यायच्या आधी जराशी थांबते.